गोळी घरी खाल्ली की खर्च आपला

विचारा की ओ! वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात बीपीची गोळी मधेच बंद करू नका एवढंच दोन ओळीत लिहिलं होतं, तर त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आलेत की गुडघेदुखी आणि झोपेचे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. बहुतेकांचं म्हणणं एकच, ताई गोळी बंद करू नका म्हणता पण पैसे कोण देणार. म्हणून यावेळी सगळा कॉलम त्यावरच. नावं छापत नाही, गावं छापते.

प्रश्न : ताई नमस्कार. मी वाळवा तालुक्यातला, साखर कारखान्यातून रिटायर, वय ७२. पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफमधनं मिळते ती, आकडा सांगायला लाज वाटते. हार्टमध्ये स्टेंट टाकला तो योजनेत बसला, एक रुपया लागला नाही, खोटं कशाला बोलू. पण तेव्हापासून माझ्या आणि मंडळींच्या (तिला शुगर बीपी दोन्ही) गोळ्या धरून महिन्याला चार हजाराच्या घरात जातंय. सत्तरीवरचं आयुष्मान कार्ड काढलं, ते घेऊन मेडिकलमध्ये गेलो तर काउंटरवरचं पोरगं हसलं, म्हणालं आजोबा हे इथं चालत नाय. मग ते पाच लाख कशाचे? पुतण्या अमेरिकेत आहे, तो सांगतो तिकडं म्हाताऱ्यांच्या औषधाचं सरकार बघतं. आपल्याकडं का नाही? पोरगा चाकणला कॉन्ट्रॅक्टवर आहे, त्याच्याकडं मागायचं जीवावर येतं.

उत्तर : काका, ते पोरगं हसायला नको होतं, पण बोललं ते खरंय. ते कार्ड ॲडमिट होणाऱ्या पेशंटचं आहे. आयुष्मान भारत २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली, आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीका असेना, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार लागू केला. घरात नवरा बायको दोघं सत्तरीवरचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. पण अट अशी की दवाखान्यात भरती व्हायला पाहिजे. भरती व्हायच्या आधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस औषधं त्यात धरतात, सोळाव्या दिवशी सकाळी चहाबरोबर जी गोळी घेता ती तुमच्या खिशातली. आपली महात्मा फुले जन आरोग्य योजनापण मुख्यतः ॲडमिट पेशंटचीच. त्यात काही ठराविक ऑपरेशननंतर फॉलोअपचं पॅकेज असतं, त्यात तपासणी आणि औषधं येतात, पण हे डिस्चार्जच्या गडबडीत कुणी आपणहून सांगत नाही. तुमचं ज्या हॉस्पिटलात झालं तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, जाऊन विचारा, त्याचा टेबल बिलिंगच्या जवळपासच असतो, जुना डिस्चार्ज पेपर बरोबर न्या. मुदत संपली असेल तर संपली, पण विचारायला काय जातंय.

आता तुमचा खरा प्रश्न, सरकारनं म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांचे पैसे द्यावेत का. माझं उत्तर हो. मी निम्मं आयुष्य सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीच्या आतल्या बाजूला काढलंय, त्यामुळं हे काय मी कुठं वाचून बोलत नाही. स्टेंट टाकलेला माणूस पहिले चार महिने रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी सगळं अगदी नियमानं घेतो, मग दिवाळी येते, कुणाचं तरी लग्न येतं, उसाचं बिल थकतं, आणि गोळी एक दिवसाआड व्हायला लागते. डॉक्टरला हे सांगत नाहीत, बायकोला पण सांगत नाहीत. आणि एक दिवस पहाटे छातीत दुखतं म्हणून गाडी करून मिरजेला नेतात, परत ॲडमिट, परत योजना, परत लाखाच्या घरातला खर्च सरकारच भरतं. म्हणजे ज्या गोळीनं हे टळलं असतं तिचे पैसे द्यायला सरकार तयार नाही आणि ती न घेतल्यामुळं जे झालं त्याचे द्यायला तयार आहे. हा हिशेब मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही, खात्यातल्या साहेबांनीसुद्धा नाही.

बरं सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. देशात आरोग्यावर जो एकूण खर्च होतो त्यातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ ला ३९.४ वर आला, सरकारचाच हिशेब आहे. पण हा जो उरलेला खिसा आहे ना, त्यात सगळ्यात मोठा भाग औषधांचा, आणि औषधं सगळ्यात जास्त कुणाला लागतात ते सांगायला नको. तुमची ईपीएसची कमीत कमी पेन्शन सप्टेंबर २०१४ ला १,००० रुपये केली, ती अजून तिथंच आहे. आणि एप्रिल २०२३ मध्ये सरकारी यादीतल्या, म्हणजे किमतीवर नियंत्रण असलेल्या औषधांना एका दमात १२.१२ टक्के दरवाढ मिळाली, कारण त्यांचा दर घाऊक महागाईला बांधलाय. यादीबाहेरच्या औषधाला कंपनी दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते, विचारायची पण गरज नाही. एकाच गोळीत दोन तीन औषधं कोंबलेल्या ज्या चकचकीत स्ट्रिपा तुम्हाला लिहून देतात त्यातल्या कितीतरी यादीबाहेरच्या असतात. तुमची चिठ्ठी मी बघितली नाही पण पैज लावते, त्यात निदान एक तरी तसली असणार.

अमेरिकेचं पण सांगते, पुतण्या म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. तिकडं ६५ च्या पुढच्यांना मेडिकेअर ही सरकारी योजना १९६५ पासूनची, पण तिच्यातही सुरुवातीला आपल्यासारखंच होतं, दवाखाना आणि डॉक्टर आत, घरी घ्यायच्या गोळ्या बाहेर. औषधांचा कायदा झाला २००३ च्या डिसेंबरात आणि लागू झाला १ जानेवारी २००६ ला. त्यात गंमत अशी केली की विमा खाजगी कंपन्यांमार्फत, पैसा बराचसा सरकारचा, आणि सरकारनं औषध कंपन्यांशी भाव करायचा नाही हे कायद्यातच लिहून ठेवलं! वर मधेच एक खड्डा, म्हणजे पहिल्या वर्षी औषधाचा खर्च २,२५० डॉलरपर्यंत गेला की मदत थांबायची, आणि तुमच्या खिशातून एकूण ३,६०० डॉलर गेले की मग परत सुरू. आजारी माणूस नेमका मधल्या खड्ड्यात. भाव करायची परवानगी मिळाली २०२२ च्या कायद्यानं, इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा २०२३ पासून, वर्षाला खिशातून ठराविक रकमेच्या वर (२०२५ ला २,००० डॉलर) जाणार नाही ही मर्यादा २०२५ पासून, आणि भाव ठरवलेली पहिली दहा औषधं जानेवारी २०२६ पासून. जवळजवळ वीस वर्षं घासाघीस न करता बिल भरत बसले. पुतण्याला हे विचारा, त्याच्या शेजारपाजारच्या कुणा म्हाताऱ्यानं तो खड्डा भोगलेला असणार.

म्हणून मी म्हणते मदत पाहिजे पण खात्यावर पैसे नकोत. खात्यावर हजार रुपये आले तर ते गोळीकडं जातील का नातवाच्या फीकडं, तुम्हीच सांगा. आणि गेले जरी तरी मेडिकलवाला जो ब्रँड देईल त्या भावानं जातील. गोळीच द्यायची, आणि गोळी सरकारनं एकगठ्ठा टेंडर काढून विकत घ्यायची, तसं घेतलं की भाव इतका पडतो की ऐकून मेडिकलवाल्याला घाम फुटेल. तमिळनाडूनं याच्यासाठी १९९४ ला वेगळं महामंडळ काढलं, राजस्थाननं २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यात मोफत औषध सुरू केलं. तमिळनाडूत तर ऑगस्ट २०२१ पासून बीपी शुगरच्या गोळ्या घरपोच द्यायचीपण योजना आहे. महाराष्ट्रानं २०२३ ला खरेदीसाठी प्राधिकरणाचा कायदा केला, म्हणजे गाडी रुळावर आणायची तयारी तरी आहे.

तोपर्यंत तुम्ही काय करायचं ते खालच्या उत्तरांत येतंय, ते वाचा. आणि पोराला सांगा हो, एकदा नुसतं बिल दाखवा, मागू नका.

प्रश्न : मी खंडाळा तालुक्यातली सून आहे. सासरे लोणंदच्या मार्केटमध्ये कांद्याची पोती उचलायचे, आता पाठ गेली आणि बीपी आहे. आमच्या शेजारी मिलिटरीतून रिटायर झालेले काका आहेत, ते साताऱ्याला जाऊन पिशवी भरून औषधं आणतात, फुकट. सासरे रोज ते बघतात आणि म्हणतात आम्ही काय देशासाठी काम नाय केलं व्हय? काय सांगू त्यांना?

उत्तर : त्यांना सांगा तुमचं म्हणणं रास्त आहे, पण शेजारच्या काकांवर रुसू नका. ती ईसीएचएस, माजी सैनिकांची योजना, एप्रिल २००३ पासूनची. रिटायर होताना त्यांनी त्यात वर्गणी भरलेली असते आणि सीमेवर काढलेली वर्षं तर वेगळीच, आपल्या सातारा जिल्ह्याला हे सांगायला नको, मिलिटरी अपशिंगे नावाचं गावच आहे आपल्याकडं. आणि त्यांना पण सगळी औषधं दर वेळी मिळतात असं समजू नका, नाही मिळालं की त्यांची पण फेरी वाया जाते. मला त्यात वेगळंच दिसतं. ॲडमिट न होता, नुसत्या चिठ्ठीवर, महिन्याच्या महिन्याला म्हाताऱ्या माणसाला गोळ्या द्यायची सोय सरकारला जमते, हे तुमच्या शेजारच्या पिशवीनं सिद्ध केलंय. जमत नाही हे कारण आता चालणार नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या जिल्ह्यातल्याच लोकांना माहीत नसते. नोव्हेंबर २०१७ मध्ये बीपीसाठी देशात एक उपक्रम सुरू झाला, इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह, आणि पहिल्या २५ जिल्ह्यांत आपला सातारा होता. त्यातली पद्धत एकदम साधी, सगळीकडं ठरलेलीच दोन चार औषधं, साधारण पहिल्यांदा ॲम्लोडिपिन, त्यानं नाही भागलं तर टेल्मिसार्टन जोडायचं, पेशंटचं कार्ड करायचं, एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या द्यायच्या आणि कोण आलं नाही त्याला शोधायचं. म्हणजे महागडं काहीच नाही. तर सासऱ्यांना घेऊन गावच्या उपकेंद्रात जा, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असतात, सगळे त्यांना सीएचओ मॅडम म्हणतात. बीपी मोजून नोंद करून घ्या. औषध चालू करणं किंवा बदलणं पीएचसीचे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे, डॉक्टर करतील, एकदा ठरलं की पुढच्या गोळ्या उपकेंद्रातनं. आशाताईला आधी विचारलं तर कुठल्या दिवशी जायचं ते ती सांगेल. आरोग्य विभागाच्या दवाखान्यात, म्हणजे पीएचसीपासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत आणि वर जिल्ह्यापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पण पैसे नाहीत.

आता तुम्ही म्हणाल ताई, जातो हो, पण गोळ्या संपल्यात म्हणून सांगतात. हे खरं आहे, आणि यातच सगळं घोडं पेंड खातं. मी खिडकीत होते तेव्हा मला सगळ्यात वाईट वाक्य हेच बोलावं लागायचं, पुढच्या आठवड्यात या. म्हातारा माणूस तेवढ्यासाठी रोजगार बुडवून, कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून आलेला असतो. दोनदा असं झालं की तो परत येत नाही, मेडिकलमधनं चार गोळ्या सुट्या घेतो, आणि त्या संपल्या की विषय संपला. फुकट औषधाची घोषणा करणं सोपं आहे, पण बीपीची गोळी एक महिना नसली तर त्या घोषणेचा उपयोग शून्य. असं झालं तर गप्प परत जाऊ नका. पीएचसीच्या डॉक्टरना सांगा, रुग्ण कल्याण समितीच्या पैशातनं गरजेची औषधं स्थानिक खरेदी करता येतात. सरपंच किंवा झेडपी सदस्याला सांगा. ग्रामसभेत विचारा, रस्ता गटार सोडून एकदा गोळ्यांचा विषय निघू दे.

जाता जाता, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट आहे आणि ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. म्हणजे जतच्या आजोबांना सांगलीला गोळी विकत घ्यायला फुकटात जाता येतं. प्रवास सरकारनं दिला, गोळी तेवढी राहिली बघा.

प्रश्न : मी कराडचा, सध्या पुण्यात आयटीत. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सगळंच फुकट द्यायचं तर टॅक्स भरणाऱ्यांनी काय घोडं मारलंय? आईबापाची औषधं पोरांनी बघायची, सरकारनं कशाला? आणि फुकट दिलं की श्रीमंत पण रांगेत उभे राहतात.

उत्तर : राग कशाला येईल दादा, निम्म्या महाराष्ट्राचं हेच मत आहे. पण टॅक्स भरणारे तुम्ही एकटे नाही. वरच्या वाळव्याच्या काकांनी दर महिन्याला घेतलेल्या बहुतेक स्ट्रिपांवर १२ टक्के जीएसटी भरलाय, २२ सप्टेंबर २०२५ ला तो ५ टक्क्यांवर आला. आता तुमचं बघू. तुमच्या आईवडलांना आरोग्यविमा नसेल आणि तुम्ही इन्कम टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये असाल तर त्यांच्या औषधपाण्यावर केलेल्या ५० हजारांपर्यंतच्या खर्चावर वजावट मिळते, फक्त पैसे रोख दिलेले नकोत. तीस टक्क्यांच्या स्लॅबला असाल तर वर्षाला पंधरा हजारांच्या वर वाचले. म्हणजे ज्येष्ठांच्या गोळ्यांना सरकार आजही मदत करतंय, फक्त ज्यांच्या पोरांना इन्कम टॅक्स लागतो त्यांना! कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराचा बाप मात्र यातनं बाहेर. हे तुम्हाला न्याय्य वाटतं का, सांगा.

पोरांनी बघावं हे मलापण मान्य आहे, कायदापण तेच सांगतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात पोटगीमध्ये औषधोपचारसुद्धा धरलाय, प्रांताकडं अर्ज करायचा, महिन्याला १० हजारांपर्यंत मंजूर होऊ शकतात. पण पोराची परिस्थितीच नसेल तर प्रांत तरी काय देणार, आणि असली तरी अडीचशे रुपयांच्या स्ट्रिपसाठी पोराला नोटीस पाठवणारा बाप आपल्याकडं शोधून सापडायचा नाही.

राहिला श्रीमंतांचा मुद्दा. तुमची भीती अगदीच चुकीची नाही, पण त्यावर दाखल्याची अट घातली तर काय होतं ते मी बघितलंय. श्रावणबाळ योजनेला वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. एवढ्यावर वर्ष काढणारा माणूस आता फक्त तहसीलच्या कागदावरच जिवंत आहे. त्यामुळं खऱ्या गरजवंताला खोटा दाखला काढायला लागतो आणि त्याचे वेगळे पैसे. त्यापेक्षा साठीच्या पुढच्या कुणालाही उपकेंद्रात गोळी द्या. ज्याला परवडतं तो सकाळी दोन तास बाकड्यावर बसून सरकारी कागदी पुडीतली ॲम्लोडिपिन घ्यायला येत नाही हो, तो आपल्या फॅमिली डॉक्टरकडंच जातो. आलाच एखादा तर येऊ दे, ती गोळीच इतकी स्वस्त आहे की त्याला गाळत बसायला जास्त खर्च येईल. महागड्या औषधांचं, कॅन्सर वगैरेचं गणित वेगळं, तिथं छाननी लागेल, ते मी मान्य करते.

प्रश्न : जनऔषधीचं, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांचं, दुकान जवळ झालंय, पण आमचे डॉक्टर म्हणतात तिथलं घेऊ नका, गुण येत नाही. सांगली, वय ६६.

उत्तर : कुठल्या औषधाला गुण आला नाही ते डॉक्टरना विचारा, बहुतेक वेळा उत्तर येत नाही. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ॲसिडिटीच्या नेहमीच्या गोळ्या तिथनं घ्यायला माझी हरकत नाही, माझ्या घरात त्याच येतात. शुगरची सिटाग्लिप्टिन घ्या उदाहरणाला. जुलै २०२२ ला तिचं पेटंट संपलं आणि सप्टेंबरात जनऔषधीत ५० एमजीच्या १० गोळ्या ६० रुपयांना आल्या. आधी तीच किती पडायची ते जुन्या बिलात बघा. फक्त एवढं सांभाळा, स्ट्रिपवरच्या ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते आणि एमजी दोन्ही जुळलं पाहिजे, पुढं एसआर, एक्सएल (म्हणजे सावकाश विरघळणारी) असं काही असेल तर तेपण. थायरॉइडची गोळी, फिटची गोळी आणि रक्त पातळ करायची वॉर्फरिन या तीन बाबतीत मनानं कंपनी बदलू नका, डॉक्टरना सांगून बदला आणि नंतर रक्त तपासा. बाकी जनऔषधीची अडचण दर्जापेक्षा साठ्याची जास्त आहे, पाचातल्या दोन गोळ्या नसतात. दुकानदाराला फोन नंबर देऊन ठेवा, बोलावतात ते.

डॉक्टरांनी मूळ नावानंच लिहावं असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २ ऑगस्ट २०२३ ला काढला होता, त्याच महिन्यात तो गुंडाळून ठेवला. त्यामुळं तुम्हीच तोंडानं मागा, डॉक्टर जेनेरिकमधलं लिहून द्या म्हणून. बरेच जण देतात, मागत कुणी नाही.

प्रश्न : वडील गोळी अर्धी करून घेतात, म्हणतात तेवढीच दोन महिने पुरते. चालतं का? विटा.

उत्तर : नाही. मधे रेघ असलेली काही गोळी डॉक्टरांनीच अर्धी सांगितली असेल तर गोष्ट वेगळी. शुगरची एसआर लिहिलेली मेटफॉर्मिन तर अजिबात तोडायची नाही, ती सावकाश विरघळायसाठी केलेली असते, तोडली की एकदम उतरते. आणि पैसे वाचवायला तोडत असतील तर तेच खरं कारण डॉक्टरना सांगा, दहातले आठ डॉक्टर स्वस्तातली गोळी लिहून देतात. वडील लाजत असतील तर तुम्ही आत जाऊन सांगा, ते बाहेर चप्पल घालत असताना.